चिवटपणाचं कौतुक पुरे!

मध्यंतरी आमच्या एका शिबिरात हवामानबदलावर सत्र होतं. भिंतीवर लावायला कुणीतरी चित्रं आणली होती. त्यातलं एक वानुआतू नावाच्या बेटांच्या देशातलं. छप्पर उडालेल्या घरासमोर तीन दगडांची चूल मांडून बसलेली बाई, कडेला पोर, चेहऱ्यावर हसू. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘बेटांवरच्या चिवट स्त्रिया’.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा एक कार्यकर्ती म्हणाली, “ताई, ती बेटं कुठं नि आपण कुठं? आपल्याकडं टँकर वेळेवर येत नाही, रेशनवर धान्य मिळत नाही. त्यांचं आपण काय करायचं?” शेजारी रायगडची एक मैत्रीण बसली होती. ती म्हणाली, “बाई मात्र ओळखीची वाटली. निसर्ग वादळानंतर आमचेपण असेच फोटो काढून नेले. फोटो काढणारा काही परत आला नाही.”

या दोघींच्या बोलण्यातून हा लेख निघाला आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : संकटात सापडलेल्या बाईच्या चिवटपणाचं कौतुक करणं ही तिचं देणं चुकवण्याची जुनी युक्ती आहे. घरात ती आपण ओळखली. ‘माझी बायको म्हणजे लक्ष्मी, सगळं निभावून नेते’ असं म्हणणारा नवरा पगार घरात देतो का, हे विचारायला आपण शिकलो. तोच प्रश्न आज समुद्रातले छोटे देश एकत्र येऊन बड्या देशांना विचारत आहेत. त्यांची ही एकजूट आपण समजून घ्यायला हवी. तिला पाठिंबा द्यायला हवा. आणि त्या एकजुटीच्या आत बाईचा हिशेब अजून मांडलेला नाही, हेही बोलायला हवं.

वादळ गेल्यावर काय उरतं

वानुआतू म्हणजे प्रशांत महासागरातली ऐंशीच्या वर बेटं आणि तीन-सव्वातीन लाख माणसं. १९८० पर्यंत ही इंग्रज आणि फ्रेंच या दोघांची मिळून वसाहत होती. १३ मार्च २०१५ ला तिथं ‘पाम’ चक्रीवादळ धडकलं. वादळांच्या मोजपट्टीवर पाचवी, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी. लोकांनी वेळेत आसरा घेतला, म्हणून मृतांचा आकडा वीसच्या आत राहिला. आकडा लहान, म्हणून बातमीही लहान. पण नुकसान किती? देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ६४ टक्के. एखाद्या घराची जवळपास आठ महिन्यांची कमाई एका रात्रीत वाहून जावी, तसं. एप्रिल २०२० मध्ये पुन्हा ‘हॅरल्ड’. मार्च २०२३ मध्ये ‘जूडी’ आणि तिच्या मागोमाग दोनच दिवसांत ‘केव्हिन’. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘लोला’. पहिल्या वादळाचे पत्रे ठोकून होण्याआधी दुसरं दारात उभं.

आता हे नुकसान कुणाच्या अंगावर पडतं ते पाहू. तिथल्या घराचं पोट परसातल्या आणि डोंगरउतारावरच्या बागांवर चालतं. अळकुड्या, कोनफळं, केळी, पालेभाज्या. लावणी, खुरपणी, काढणी यांत बायकांचे हात सर्वांत जास्त. उरलेलं बाजारात नेऊन विकणाऱ्याही बायकाच. प्रशांत महासागरातल्या बहुतेक देशांच्या भाजीबाजारात विक्रेत्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट आहे. केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं सुकवून चटया विणणं हेही त्यांचंच काम. लग्नाकार्यात या चटयांची देवाणघेवाण होते. म्हणजे ती बाईची साठवणच. वादळ येतं तेव्हा बाग जाते, बाजार जातो, चटईची झाडंही जातात. घरातल्या प्रत्येकाच्या पोटाची जबाबदारी मात्र जात नाही. विहिरीत खारं पाणी शिरलं की गोड्या पाण्यासाठी लांब कोण जातं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगायला नको.

आणि घराच्या आत? तान्ना हे वानुआतूमधलंच एक बेट. तिथं स्त्रियांचं एक समुपदेशन केंद्र आहे. २०११ साली त्या बेटावर पाठोपाठ दोन चक्रीवादळं आली. त्यानंतर केंद्राकडे कौटुंबिक हिंसेच्या नव्या तक्रारी ३०० टक्क्यांनी वाढल्या. नुकसानीच्या कुठल्याही पंचनाम्यात या मारहाणीला रकाना नव्हता. छपराचे पत्रे मोजले, पडलेली झाडं मोजली.

म्हणून ‘चिवट’ या शब्दाची मला चीड आहे. चिवटपणा आहे, तो खोटा नाही. पण तो बाईनं हौसेनं घेतलेला नाही, तिच्यावर लादलेला आहे. सरकारनं आणि जगानं करायचं काम ती फुकट करते, आणि त्या फुकटच्या कामाला आपण गुणाचं नाव देतो.

१९९१ चं बिल

सगळ्या छोट्या बेट-राष्ट्रांचं मिळून जगातल्या कार्बन उत्सर्जनात एक टक्कासुद्धा वाटा नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळून ज्यांनी कारखाने, मोटारी, विमानं उभी केली, त्यांच्या धुरानं समुद्र तापला आणि चढला. तापलेल्या समुद्रावर वादळं अधिक जोर धरतात, चढलेला समुद्र प्रत्येक लाटेला घराच्या आणखी जवळ आणतो. म्हणजे एकानं केलं आणि दुसऱ्यानं भोगलं.

हे बेटांना कळायला वेळ लागला नाही. १९९० मध्येच प्रशांत महासागर, कॅरिबियन आणि हिंदी महासागर इथल्या छोट्या देशांनी आपली आघाडी बांधली. आज तिच्यात ३९ सदस्य आहेत. दोन-पाच लाख वस्तीच्या देशाला एकट्यानं जागतिक परिषदेत कोण विचारतो? एका दालनात दहा बैठका चालू असतात आणि त्याच्याकडे माणसं असतात तीन. म्हणून त्यांनी कामं वाटून घेतली, एक तोंडानं बोलायचं ठरवलं. १९९१ मध्ये या आघाडीच्या वतीनं वानुआतूनं एक प्रस्ताव मांडला. समुद्र चढल्यानं होणाऱ्या नुकसानीसाठी एक आंतरराष्ट्रीय विमा-निधी उभारा आणि त्यात पैसे श्रीमंत औद्योगिक देशांनी घाला, असा तो प्रस्ताव. साधा आणि रास्त.

तो बाजूला ठेवला गेला. पुढे वर्षानुवर्षं ‘नुकसानभरपाई’ हा शब्द जरी आला तरी श्रीमंत देशांचे प्रतिनिधी सावध होत. मदत म्हणा, सहकार्य म्हणा, भरपाई म्हणू नका. कारण भरपाई म्हटलं की अपराध कबूल केला! नुकसानीसाठी वेगळा निधी असावा हे तत्त्व मान्य झालं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, इजिप्तमधल्या हवामान परिषदेत. तब्बल ३१ वर्षांनी. १९९१ साली जन्मलेली तान्नावरची मुलगी तोवर स्वतः आई झाली असेल.

आणि निधीत पडलं काय? २०२३ च्या दुबई परिषदेत सगळ्या देशांची मिळून जी आश्वासनं आली त्यांची बेरीज होते सुमारे ७० कोटी डॉलर. अमेरिकेसारख्या देशानं कबूल केले १ कोटी ७५ लाख. आता दुसरा आकडा पाहा. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ वादळानं कॅरिबियनमधल्या डॉमिनिका या एका छोट्या बेटाचं जे नुकसान केलं ते होतं सुमारे १३० कोटी डॉलरचं. त्या देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सव्वादोन पट. म्हणजे साऱ्या जगानं सुरुवातीला कबूल केलेला निधी एका बेटाच्या एका रात्रीला पुरत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं तर त्या निधीच्या मंडळातूनच अंग काढून घेतलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पोटगी मंजूर होते, कागद हातात पडतो, पैसे पडत नाहीत. तारखेला येणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं असतं, मी प्रेमानं काय द्यायचं ते देईन, कोर्टानं सांगू नये. बेटांना हेच ऐकवलं जातं आहे.

एकजुटीनं काय मिळालं

तरी त्या एकजुटीनं काय काय मिळवलं तेही सांगायला हवं, कारण आपल्याला त्यातून शिकायचं आहे.

पहिलं उदाहरण माशांचं. जगातला मोठा टूना मासा प्रशांत महासागरातल्या बेटांच्या हद्दीत सापडतो. परदेशी बोटी येत, एकेका देशाला गाठून स्वस्तात परवाना घेत. एकानं भाव वाढवला की शेजारच्याकडे जात. १९८२ मध्ये सात देशांनी नऊरू करार केला. पुढे त्यांनी ठरवलं की परवाना दिवसाच्या हिशेबानं द्यायचा आणि किमान दर सगळ्यांनी मिळून ठरवायचा. दहा वर्षांत परवान्यांचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. मजुरी ठरवून घेणाऱ्या विडी कामगार बायकांना यातलं मर्म लगेच कळेल. आता समुद्र तापल्यामुळे तोच मासा पूर्वेकडे, त्यांच्या हद्दीबाहेर सरकू लागला आहे, ही त्यातली नवी चिंता.

दुसरं, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला घेणं. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळानं बार्बुडा बेटावरची बहुतेक घरं मोडली. दुसरं वादळ येत होतं. तेव्हा बेटावरच्या सगळ्या माणसांना जोडबेट अँटिग्वावर हलवण्यात आलं. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये मिळून विम्याची सामायिक गंगाजळीही उभी केली आहे. वादळ झालं की काही दिवसांत त्यातून पैसे येतात. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ वादळानं ग्रेनेडाचं कॅरियाकू बेट भुईसपाट केलं, तेव्हा या गंगाजळीचा आधार झाला. पण इथं एक प्रश्न विचारायलाच हवा : या विम्याचा हप्ता कोण भरतं? ज्याचं घर पडतं तोच. १९९१ च्या प्रस्तावात हप्ता धूर करणाऱ्यानं भरायचा होता. बेटांनी आपसात सोय केली म्हणून धूर करणाऱ्याची सुटका होत नाही.

तिसरं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २०१९ मध्ये वानुआतूच्या राजधानीतल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं, हा प्रश्न जगाच्या कोर्टात न्यायचा. वेगवेगळ्या बेटांवरून आलेली ही मुलंमुली. त्यांनी आधी आपल्या सरकारांच्या मागे लकडा लावला. वानुआतू सरकारनं विषय उचलला, इतर बेटं मागं उभी राहिली. २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला. १३२ देशांनी त्यावर सह्या केल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सुनावणी झाली. त्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष, सॉलोमन बेटांवरची सिंथिया हौनिउही, न्यायाधीशांसमोर उभी राहून बोलली. २३ जुलै २०२५ ला न्यायालयानं एकमतानं मत दिलं : हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते मोडलं तर तो आंतरराष्ट्रीय कायद्यानं अपराध ठरतो. नुकसानीचा आणि त्या कृतीचा संबंध दाखवता आला तर भरपाई देणं लागू शकतं. आणखी एक गोष्ट न्यायालयानं सांगितली. जमीन पाण्याखाली गेली म्हणून देशाचं अस्तित्व आपोआप संपलं असं होत नाही.

हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे. त्यानं उद्या कुणाच्या दारात जप्ती जाणार नाही. पण जी गोष्ट १९९१ मध्ये विनंती होती ती आज हक्काच्या भाषेत बोलता येते. मथुरा प्रकरणानंतर आपणही रस्त्यावरून कायद्यापर्यंत गेलो होतो. कायदा बदलल्यानं बलात्कार थांबले नाहीत, पण त्यानंतर आपलं बोलणं बदललं, हे विसरू नये.

यात भाबडेपणा नको. बेटांमध्येही फाटाफूट आहे. समुद्राच्या तळाशी खाणी खोदण्याच्या बाजूनं नऊरू उभं आहे, तर पलाऊ आणि फिजी त्याला थांबवायला निघाले आहेत. दारिद्र्य असलं की कंपनी एकेकाला फोडते. एकजूट ही रक्तातून येत नाही. ती रोज बांधावी लागते आणि रोज सांभाळावी लागते.

आणि या एकजुटीत बाई कुठं?

आता कटू बोलते. वानुआतूच्या संसदेत ५२ जागा आहेत. २०१६ आणि २०२० च्या निवडणुकांत एकही बाई निवडून आली नाही. २०२२ मध्ये एक आली. गावातले निर्णय ‘नकामल’मध्ये होतात. आपल्या चावडीसारखी ही जागा. तिथं बऱ्याच भागांत बाईनं तोंड उघडण्याचा रिवाज नाही. जमीन रूढीच्या मालकीची, आणि रूढी काय म्हणते ते सांगणारे मुखिया बहुतेक पुरुष. मग गाव उंचावर हलवायचं ठरलं तर नवी घरं कुठं, पाण्यापासून किती लांब, बागेला जमीन किती, हे कोण ठरवणार? मदतीची यादी कुटुंबप्रमुखाच्या नावानं होते. परित्यक्ता, विधवा, एकटी राहणारी, दुसऱ्या बाईसोबत राहणारी, यांची नावं त्या यादीत कुठं येतात?

जगाच्या व्यासपीठावर ‘आम्ही छोटे, आमच्यावर अन्याय’ म्हणणारी सरकारं घरी आली की मोठी होतात. आपल्याला हे नवं नाही. कामगार चळवळीतले आपले साथीसुद्धा गेटवर समतेच्या घोषणा देत आणि घरी चहा मागत.

पण बायका थांबलेल्या नाहीत. फिजीमध्ये एका स्त्री-संघटनेनं सुटकेसमध्ये मावणारं रेडिओ केंद्र घेऊन गावोगाव जायला सुरुवात केली. २००४ च्या पुरानंतर त्यातूनच ‘बायकांची हवामान-पाळत’ उभी राहिली. गावातली बाई नदीची पातळी, वाऱ्याचा रोख, बंद झालेला रस्ता मोबाइलवर कळवते. सरकारी खात्याचा इशारा सोप्या बोलीत तिच्यापर्यंत येतो. वानुआतूमध्ये पाम वादळानंतर बायकांचे मेळावे भरू लागले. त्यांच्या व्यासपीठाचं नावच तिथल्या बोलीत ‘बायका एकत्र बोलतात’ असं आहे. फिजीच्या अनुभवातून शिकून त्यांनी आपली हवामान-पाळत सुरू केली. इशारा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो, तसा अनुभवही जातो. मी ज्याला एकजूट म्हणते ती ही. तिला राष्ट्रगीत लागत नाही.

तिसरं उदाहरण राकीराकीचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘विन्स्टन’ वादळानं फिजीत ४४ माणसं मारली. राकीराकी गावचा भाजीबाजार उद्ध्वस्त झाला. पुन्हा बांधताना विकणाऱ्या बायकांना विचारलं गेलं. २०१८ मध्ये उघडलेला नवा बाजार पाचव्या श्रेणीचं वादळ सोसेल असा आहे, आणि लांबून येणाऱ्या विक्रेत्या बायकांना रात्री सुरक्षित झोपायला तिथं जागा आहे. इंजिनिअरला भिंतीची जाडी कळते. रात्री बाजारात उघड्यावर झोपण्याची भीती बाईलाच ठाऊक.

म्हणून भरपाईच्या निधीबद्दल आपली मागणी अशी असली पाहिजे : तो कर्ज म्हणून नको, देणं म्हणून हवा. त्यातला ठरलेला वाटा थेट अशा गटांच्या हाती जावा. नुकसानीच्या हिशेबात बाग, चटई, वाढलेलं कष्टाचं काम आणि मारहाण, हे सगळं धरलं जावं.

शेजारधर्माची किंमत

काही शहाणे विचारतात, इतकं सगळं करण्यापेक्षा ही माणसं दुसरीकडे जाऊन का राहत नाहीत? संख्या तर थोडी आहे.

तुवालूचं पाहा. सुमारे दहा-अकरा हजार वस्तीचा देश. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियानं त्यांच्याशी करार केला. तो ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला. दरवर्षी २८० जणांना ऑस्ट्रेलियात कायम राहता येईल. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. यावरून घराघरातली धास्ती कळते. पण करारात आणखी एक कलम आहे. तुवालूला इतर कुणाशी संरक्षणाचा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. या कराराचं नाव ‘फालेपिली’. तुवालूच्या भाषेत त्याचा अर्थ, परतफेडीची अपेक्षा न ठेवता शेजाऱ्याची काळजी घेणं! शब्द त्यांचा घेतला आणि त्यात परतफेडीचं कलम घातलं. आणि हाच ऑस्ट्रेलिया जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा निर्यातदारांपैकी एक आहे. एका हातानं पाणी चढवायचं, दुसऱ्या हातानं सोडतीची चिठ्ठी द्यायची.

स्थलांतर म्हणजे काय हे या समुद्रातल्या माणसांनी आधीही भोगलं आहे. बनाबा बेटावरचं फॉस्फेट १९०० पासून खणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या शेतांना खत म्हणून गेलं. १९४५ मध्ये बनाबाच्या लोकांना उचलून फिजीच्या राबी बेटावर ठेवलं. बेट ओरबाडून संपलं तेव्हा १९७९ साल होतं. त्यांच्या नातवंडांना आज ‘हवामानामुळे हलणं’ नवं वाटत नसेल. तेव्हा खणून नेलं, आता बुडवतात. उलट २०१४ मध्ये किरिबाटीनं फिजीमध्ये जमीन विकत घेतली आणि वेळ आली तर तुम्हाला जागा देऊ असं फिजीच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर सांगितलं, त्यात सोडत नव्हती की कलम नव्हतं. गरीब शेजारी आणि श्रीमंत शेजारी यांच्यातला फरक इथं दिसतो.

जायचं की राहायचं, हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचा. आधी समुद्र तिच्या अंगणात आणायचा आणि मग तिच्यापुढे ‘पर्याय’ ठेवायचा, याला निवड म्हणत नाहीत.

आपलं काय?

आता पंगतीतल्या प्रश्नाकडे. ती बेटं कुठं नि आपण कुठं?

पहिली गोष्ट, ती फार लांब नाहीत. मॉरिशस त्याच आघाडीत आहे, आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी, गणपती बसवणारी कुटुंबं आहेत. पण नात्यागोत्यापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. आपलं सरकार आपल्या नावानं जगात काय बोलतं, याची जबाबदारी आपल्यावर आहे.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत कोळसा ‘बंद करणं’ असा शब्द होता. शेवटच्या घटकेला आपल्या मंत्र्यांनी दुरुस्ती मांडली आणि तो ‘कमी करणं’ असा झाला. चीनही त्याच मताचा होता. फिजी आणि मार्शल बेटांच्या प्रतिनिधींनी तिथंच आपली नाराजी सांगितली. डिसेंबर २०२४ मध्ये हेगला आपल्या सरकारनं म्हटलं, आहेत त्या करारांपलीकडे नवी बंधनं न्यायालयानं घालू नयेत.

यावर उत्तर तयार असतं : भारतात माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, पाप श्रीमंत देशांचं, आणि आपल्या गरिबांना वीज हवी. यातलं पहिलं खरं आहे. दुसरंही खरं आहे, आणि ते आपण ठासून सांगितलं पाहिजे. तिसरं मात्र तपासून घ्या. जिच्या नावानं कोळसा खणला जातो त्या बाईच्या घरात वीज किती तास असते? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख कुणाच्या अंगणात पडते? गरिबाची सरासरी दाखवून श्रीमंताचा धूर झाकायचा, हा खेळ देशादेशांत चालतो तसा देशाच्या आतही चालतो. आपल्या गरिबीची ढाल करून कुणी तान्नावरच्या बाईसमोर उभं राहत असेल, तर ती ढाल काढून घेण्याचा हक्क आपला आहे.

दुसरी गोष्ट, आपल्याकडेही शिकवण्यासारखं आणि शिकण्यासारखं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिला मंडळातल्या बायका घरबांधणीच्या कामात उतरल्या. सिमेंटचं प्रमाण, पायाची खोली यांवर त्यांनी देखरेख केली. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्या बायका तिकडे गेल्या आणि आपण काय चुकलो, काय साधलं, ते तिथल्या बायकांना सांगितलं. फिजी-वानुआतूमध्ये झालं ते हेच. उलट ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूडकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा भरपाईची चर्चा झाली ती हेक्टरची आणि झाडांची. ज्याच्या नावावर सातबारा त्याचा पंचनामा. सुपारी सोलून दिवस काढणारी, मासे सुकवून विकणारी बाई त्या कागदावर कुठं होती? बेटांवरच्या बायका जो रकाना मागत आहेत तो आपल्यालाही हवा आहे.

तेव्हा कामाचं बोलू. माझ्या मते या चार गोष्टी आपल्याला करता येतील.

एक. हेगच्या न्यायालयाच्या मतामागे आपल्या सरकारनं उभं राहावं, असा ठराव प्रत्येक संघटनेनं करून खासदारांना पाठवावा. श्रीमंत देशांकडे भरपाई मागताना बेटांच्या शेजारी उभं राहा, त्यांच्या समोर नको.

दोन. किनारपट्टीच्या तालुक्यांत बायकांची स्वतःची नुकसान-नोंद सुरू करावी. पंचनाम्यात जे येत नाही ते सगळं तिच्यात लिहायचं. बुडालेली मजुरी, वाढलेल्या पाण्याच्या खेपा, सुटलेली शाळा, मारहाण.

तीन. वादळ आल्यावर निवाऱ्याच्या जागी हिंसेच्या तक्रारीची सोय, वेगळं न्हाणीघर आणि पाळीच्या कपड्याची व्यवस्था असलीच पाहिजे, हे आपत्ती व्यवस्थापनाच्या तालुका-जिल्हा आराखड्यात लिहून घ्यावं. आराखडा मागून पाहा. तो मागणं हा आपला हक्क आहे.

चार. फिजी, वानुआतूच्या आणि कॅरिबियनच्या स्त्री-संघटनांचा अनुभव मराठीत आणावा, आपला त्यांच्यापर्यंत पोचवावा. साड्या आणि बिस्किटांची मदत त्यांनी मागितलेली नाही.

ते चित्र अजून आमच्या कार्यालयात आहे. रायगडच्या मैत्रिणीनं खालची ‘चिवट स्त्रिया’ ही ओळ कागद चिकटवून झाकली आणि वर पेनानं लिहिलं, ‘हिचं येणं बाकी आहे.’ पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पटलं नाही तर भांडा. पण ‘ती बेटं कुठं नि आपण कुठं’ म्हणून उठून जाऊ नका.